संस्थेतील सहभोजन: सभासद आणि स्वयंसेवकांना जोडणाऱ्या जेवणाची आखणी

एकाच संस्थेत वर्षानुवर्षे काम करणारी माणसे एकमेकांना फक्त कामापुरती ओळखतात, असे पुष्कळदा आढळते. खजिनदार कोण आणि सभागृहाच्या किल्ल्या कोणाकडे हे सर्वांना ठाऊक असते. पण त्या माणसाला कामाव्यतिरिक्त कशात रस आहे किंवा सध्या त्याच्यावर घरचा भार किती आहे, हे कोणालाच माहीत नसते. बैठकीला विषयपत्रिका असते आणि उपक्रमाला वेळेचे बंधन असते, त्यामुळे अशा गप्पांना दोन्हीकडे जागा मिळत नाही. एकत्र जेवणात ती मिळू शकते. मात्र नुसते जेवण ठेवले की माणसे आपोआप जवळ येतात, हा समज खरा नाही. जुने सभासद एका कोपऱ्यात, नवे स्वयंसेवक दुसऱ्या कोपऱ्यात आणि स्वयंपाकघरात नेहमीचीच चार माणसे, असे सहभोजनही होते आणि त्यातून दुरावा कमी होण्याऐवजी पक्का होतो.

जेवण आणि जवळीक यांच्या संबंधावर गंभीर अभ्यास झालेला आहे. कॉर्नेल विद्यापीठातील केव्हिन निफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या शहराच्या अग्निशमन केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या केंद्रांवर जवान एकत्र जेवत होते, तेथील पथकांच्या कामगिरीला अधिकाऱ्यांनी अधिक चांगले गुण दिले होते. हे जेवण वरून पुरवलेले नव्हते. जवान स्वतः वर्गणी काढत, स्वतः रांधत आणि स्वतःच आवरत. एकत्र जेवल्यामुळे पथक चांगले झाले की चांगली पथके मुळातच एकत्र जेवत होती, याचा निकाल अशा अभ्यासातून लागत नाही. पण जेवणामागचे सामाईक श्रम महत्त्वाचे असतात, हा त्यातला धागा संस्थांनी उचलण्याजोगा आहे. या लेखातील बहुतेक सूचना त्याच धाग्याला धरून आहेत. पदार्थ कोणते यापेक्षा काम कोणी केले आणि कोण कोणाशेजारी बसले, यावर सहभोजनाचे फळ अवलंबून असते.

पहिली पायरी: हेतू एका वाक्यात लिहिणे

नियोजनाला बसण्यापूर्वी जेवण कशासाठी, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘या तिमाहीत आलेल्या स्वयंसेवकांची जुन्या सभासदांशी ओळख व्हावी’ हा हेतू आहे. ‘सर्वांनी एकत्र यावे’ ही नुसती इच्छा आहे. हेतू ठरला की पुढचे निर्णय सोपे होतात. नव्यांच्या ओळखीसाठी संख्या लहान हवी आणि बसण्याची रचना आधी ठरलेली हवी. आभाराच्या जेवणात ज्यांचे आभार मानायचे त्यांच्यावर कामाचा बोजा नको. एखादा मोठा उपक्रम संपल्यावर लगेच होणाऱ्या जेवणात साधेपणा हवा, कारण सर्वजण थकलेले असतात आणि तेव्हा कोणालाही समारंभ नको असतो. दोन गटांत तणाव असेल, तर जेवणाच्या निमित्ताने त्यावर चर्चा घडवून आणण्याचा मोह टाळावा. अशा वेळी दोन्ही गटांतील माणसांना एकत्र भाजी चिरायला बसवणे अधिक उपयोगी पडते, कारण हात कामात असताना डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती राहत नाही.

बैठक आणि जेवण एकत्र ठेवायचे असल्यास क्रम आधी बैठक आणि मग जेवण असा असावा, आणि बैठक संपण्याची वेळ पाळली जावी. जेवताना ठराव मांडले जाऊ लागले की सहभोजन संपून बैठकच पुढे चालू राहते.

दुसरी पायरी: जेवणाचा प्रकार निवडणे

संस्थांच्या सहभोजनाचे ढोबळमानाने चार प्रकार असतात. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणणे, सर्वांनी मिळून जागेवर रांधणे, बाहेरून तयार जेवण मागवणे आणि आपापले डबे घेऊन एकत्र बसणे.

घरून पदार्थ आणण्याची पद्धत सर्वांत स्वस्त वाटते आणि म्हणूनच तिची अडचण नजरेआड होते. ज्याच्याकडे नीट स्वयंपाकघर नाही, जो पाळीत काम करतो, ज्याच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, किंवा ज्याला वीस जणांना पुरेल एवढ्या जिन्नसांचा खर्च झेपत नाही, तो ‘मला जमणार नाही’ असे म्हणत नाही. तो येतच नाही. त्यामुळे यादी करताना पदार्थांच्या बरोबरीने फळे कापणे, पिण्याच्या पाण्याची सोय, पाने-ताटे आणि वाट्या आणणे, तासभर आधी येऊन टेबले मांडणे, शेवटी भांडी घासणे ही कामेही त्याच यादीत आणि त्याच मानाने लिहावीत. स्वयंपाक न करणाऱ्याला अपराधी वाटू नये इतकी ती यादी मोकळी असावी. दुसरी अडचण म्हणजे पाककौशल्याची स्पर्धा. ती हसतखेळत सुरू होते आणि दोन-तीन वर्षांत साधा पदार्थ आणायला लोक कचरू लागतात.

मिळून रांधणे हा प्रकार कष्टाचा आहे, पण जवळीक वाढवण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत सरस आहे, असे माझे मत आहे. त्यासाठी जागा आणि शेगडी लागते, दोन-तीन जाणकार माणसे लागतात आणि तीन तासांचा वेळ लागतो. संख्या पंचवीसच्या आत असेल तर ही पद्धत नक्की करून पाहावी. त्यापुढे रांधणाऱ्या चमूची शिस्त लागते आणि गप्पांना उसंत राहत नाही. तयार जेवण मागवणे हे मोठ्या संख्येसाठी आणि आभाराच्या प्रसंगी योग्य असते. मात्र त्यातही वाढणे आणि आवरणे संस्थेच्याच लोकांनी केले, तर सामाईक श्रमाचा अंश टिकतो.

डब्यांचा प्रकार सर्वांत दुर्लक्षित आहे. दर आठवड्याला काम करणारा गट असेल, तर काम संपल्यावर चाळीस मिनिटे डबे उघडून एकत्र बसण्याला ना खर्च लागतो ना नियोजन. वर्षातून एकदा होणाऱ्या थाटाच्या जेवणापेक्षा अशा बारा साध्या बैठकांतून अधिक ओळखी होतात.

तिसरी पायरी: दिवस आणि वेळ

दिवस ठरलेला असावा. उदाहरणार्थ दर महिन्याचा तिसरा शनिवार. दरवेळी सर्वांना सोयीचा दिवस विचारत बसले की अखेरीस ज्यांना नेहमीच सवड असते त्यांचीच सोय पाहिली जाते. सदस्यांमध्ये वेगवेगळ्या श्रद्धांची माणसे असतील, तर उपवासाचे आणि सणांचे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर खुणा करून टाळावेत. एकूण कार्यक्रम दीड ते दोन तासांचा असावा आणि निमंत्रणात संपण्याची वेळही लिहावी. परतीच्या वाहनाची चिंता असणाऱ्या माणसाला ती वेळ कळली की तो निर्धास्तपणे बसतो.

चौथी पायरी: कोण काय खाते, हे आधी विचारणे

निमंत्रणासोबतच आहाराची माहिती मागवावी, आणि प्रश्न नेमका असावा. ‘काही पथ्य आहे का’ या प्रश्नाला बहुतेक लोक भिडेपोटी ‘नाही’ असे उत्तर देतात. त्याऐवजी तीन वेगळे प्रश्न विचारावेत: कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे, श्रद्धेमुळे किंवा तत्त्व म्हणून काय वर्ज्य आहे, आणि आजारपणामुळे काय टाळावे लागते. हे तीन गट वेगळे ठेवण्याचे कारण असे की त्यांतील चुकीचे परिणाम वेगळे असतात. वर्ज्य पदार्थ ताटात आला तर माणूस दुखावतो आणि त्याचा विश्वास उडतो. ॲलर्जीचा पदार्थ पोटात गेला तर जीवावर बेतू शकते.

अमेरिकेच्या कायद्यात नऊ प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ नमूद आहेत. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, झाडावरचे कठीण कवचाचे सुकामेव्याचे प्रकार, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि 1 जानेवारी 2023 पासून तीळ. युरोपीय संघाच्या यादीत असे चौदा गट आहेत आणि त्यांत मोहरी व सेलेरीसारख्या पदार्थांचाही समावेश आहे. संस्थेला एवढा काटेकोर कायदा लागू असो वा नसो, ही यादी हाताशी असणे उपयुक्त असते, कारण त्यावरून चिठ्ठ्या लिहिता येतात. प्रत्येक पदार्थाच्या भांड्याजवळ पदार्थाचे नाव, त्यातील अशा जिन्नसांची नोंद आणि तो कोणी केला हे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. एका भांड्यातील डाव दुसऱ्या भांड्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र डाव असावा. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला सर्वांच्या आधी वाढून घेण्याची मुभा द्यावी. सुकामेवा वरून पेरण्याची सवय अशा ठिकाणी सोडून द्यावी आणि तो बाजूला वाटीत ठेवावा.

यातूनच पदार्थांच्या आखणीचे एक सूत्र निघते: मुख्य पदार्थ असा निवडावा की तो जवळजवळ सर्वांना चालेल आणि वेगळेपणा सोबतच्या पदार्थांत ठेवावा. काही जणांसाठी वेगळे ताट करून आणले की त्यांची सोय होते, पण ते मंडळींतून बाजूलाही पडतात. शिकागो विद्यापीठात केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांनी केलेल्या प्रयोगांत, सारखेच खाद्य खाल्लेल्या अनोळखी व्यक्तींनी एकमेकांवर अधिक विश्वास दाखवला आणि सहकार्यही अधिक केले. त्यांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात एकाच भांड्यातून वाढून घेणाऱ्या जोड्या वाटाघाटींत लवकर सहमतीला आल्या. प्रयोगशाळेतील निष्कर्ष जसेच्या तसे संस्थेला लावता येत नाहीत हे खरे. तरीही सर्वांच्या पानात निदान एक पदार्थ सारखा असावा आणि तो टेबलावरच्या सामाईक भांड्यातून एकमेकांना वाढला जावा, एवढे तरी त्यावरून ठरवता येते. सामाईक भांडे म्हणजे अर्थातच वाढण्याचा वेगळा चमचा असलेले भांडे.

मद्याचा प्रश्न संस्थेने आधीच आणि लेखी सोडवावा. अल्पवयीन स्वयंसेवक, व्यसनातून बाहेर पडणारी माणसे आणि वाहन चालवून घरी जाणारे सभासद यांचा विचार केला, तर ओळखीच्या जेवणात मद्य न ठेवणे मला योग्य वाटते.

पाचवी पायरी: खर्च

खर्चाची चर्चा आमंत्रण पाठवण्यापूर्वी संपवावी. जेवण आभाराचे असेल तर ज्यांचे आभार मानायचे त्यांच्याकडून वर्गणी मागू नये. नेहमीच्या सहभोजनासाठी बंद पेटी ठेवणे उत्तम. ज्याला जितके शक्य असेल तितके त्याने टाकावे, आणि कोणी किती दिले याची यादी कोठेही लावू नये. देणगीदारांनी विशिष्ट कामासाठी दिलेला निधी जेवणावर वापरता येतो का, हे खजिनदाराने संस्थेच्या नियमांत पाहून घ्यावे. पावत्या त्याच दिवशी गोळा कराव्यात. स्वतःच्या खिशातून सामान आणणाऱ्याला पैसे परत मागणे अवघड जाते, म्हणून ते आठवड्याच्या आत आपणहून द्यावेत.

सहावी पायरी: प्रमाण काढणे

नेमकी संख्या तीन दिवस आधी पक्की करावी आणि त्यावर सुमारे दहा टक्के जास्त धरावे. प्रौढ माणशी कोरडे धान्य 75 ते 100 ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य 50 ते 60 ग्रॅम आणि चिरण्यापूर्वीची भाजी 150 ते 200 ग्रॅम हे पूर्ण जेवणासाठी सुरक्षित प्रमाण आहे. पदार्थ अनेक असतील तर ते कमी करावे. चाळीस माणसांसाठी माणशी 80 ग्रॅम धान्य धरले तर 3.2 किलो होते. दहा टक्के वाढवून साडेतीन किलो आणावे. पिण्याचे पाणी माणशी निदान अर्धा लिटर, आणि उन्हाळ्यात किंवा श्रमाच्या कामानंतर त्याहून बरेच अधिक असावे.

घरून पदार्थ आणण्याच्या पद्धतीत मात्र हिशेब वेगळा असतो आणि तेथेच अन्न सर्वांत जास्त वाया जाते. तीस माणसे असतील आणि बारा घरांतून मुख्य पदार्थ येणार असतील, तर प्रत्येक पदार्थ तीस जणांना पुरेल एवढा असण्याची गरज नसते. एका ताटात साधारण तीन मुख्य पदार्थ बसतात. म्हणजे एकूण नव्वद वाढण्या लागतील, आणि त्या बारांत विभागल्या की प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात, म्हणजे साधारण आठ येतात. ‘आठ जणांना पुरेल एवढे आणा’ ही सूचना निमंत्रणात लिहिली की खर्च, कष्ट आणि नासाडी हे तिन्ही कमी होतात.

रोजच्या पाककृतीचे प्रमाण दहापट करताना मीठ आणि तिखट थेट दहापट करू नये. तीन चतुर्थांश घालून चव पाहावी आणि मग वाढवावे. मोठ्या पातेल्यात उकळी यायला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरावा.

सातवी पायरी: अन्नाची सुरक्षितता

येथे भीड चालत नाही. एका जेवणातून पन्नास जण आजारी पडले, तर पुढची काही वर्षे कोणी त्या संस्थेत जेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे कोणत्याही स्वयंपाकघराला लागू पडतात: स्वच्छता राखणे, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवणे, पूर्ण शिजवणे, योग्य तापमानाला ठेवणे, आणि पाणी व जिन्नस सुरक्षित वापरणे.

यांपैकी सामूहिक जेवणात सर्वांत जास्त चुका तापमानाच्या बाबतीत होतात. 5 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. म्हणून गरम अन्न 60 अंशांच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली ठेवावे, आणि शिजलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये. मोठ्या पातेल्यातील अन्न मधल्या भागात तासन्‌तास कोमट राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला हीच स्थिती मानवते, म्हणूनच या जंतूची विषबाधा मोठ्या प्रमाणावर रांधलेल्या जेवणातून होते. आदल्या दिवशी पदार्थ करून ठेवायचा असेल, तर तो सुमारे पाच सेंटिमीटरहून कमी खोलीच्या पसरट भांड्यांत काढून लवकर गार करावा, मग शीतकपाटात ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी सर्व भागांत किमान 70 अंश तापमान येईपर्यंत गरम करावा. शिजवलेल्या तांदळाबाबत विशेष काळजी घ्यावी. त्यातील बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही टिकतात आणि भात तसाच बाहेर राहिल्यास त्यातून तयार होणारे उलटीचे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. स्वयंपाकाचा एक साधा तापमापक संस्थेने विकत घेऊन ठेवावा. हात लावून घेतलेला अंदाज येथे कामाचा नाही.

ज्याला जुलाब किंवा उलट्या झाल्या आहेत, त्याने त्या थांबून 48 तास होईपर्यंत अन्नाला हात लावू नये. असा माणूस बहुधा कामाचा उत्साही असतो आणि ‘आता बरे वाटते आहे’ म्हणत येतो, म्हणून हा नियम आधीच सर्वांना सांगून ठेवावा आणि त्याला बसून करण्याजोगे दुसरे काम द्यावे. हात साबणाने निदान वीस सेकंद धुवावेत, आणि हात धुण्याची जागा भाजी धुण्याच्या जागेपासून वेगळी असावी.

आठवी पायरी: कामाची वाटणी

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. बहुतेक संस्थांत सहभोजनाचा भार तीन-चार जणांवर पडतो, त्यांत स्त्रिया अधिक असतात, आणि बाकीचे त्यांचे तोंडभर कौतुक करतात. या कौतुकाने काम मात्र हलके होत नाही. ज्यांनी सकाळपासून रांधले ते सर्वांच्या शेवटी, उभ्याने आणि गार झालेले जेवतात, आणि ज्या गप्पांसाठी हे सारे केले त्यांत ते नसतातच.

यावर उपाय म्हणजे लेखी कामवाटप. एक समन्वयक असावा आणि त्याने स्वतः रांधू नये; त्याचे काम वेळ, माणसे आणि सामान यांवर लक्ष ठेवणे एवढेच असावे. त्याखाली खरेदी, चिरणे व रांधणे, मांडणी, वाढणे आणि आवराआवर असे पाच गट करावेत आणि कोणीही एकाच दिवशी दोनहून अधिक गटांत असू नये. मागच्या वेळी रांधणाऱ्यांना या वेळी मांडणी किंवा खरेदी द्यावी. पदाधिकाऱ्यांची नावे आवराआवरीच्या गटात आग्रहाने घालावीत. अध्यक्ष भांडी विसळत असताना शेजारी उभा राहून पुसणाऱ्या नव्या स्वयंसेवकाला जे विचारता येते, ते त्याला बैठकीत कधीच विचारता येत नाही.

प्रत्येक गटात एक जुना आणि एक नवा सभासद यांची जोडी लावावी. अनोळखी माणसाशी समोरासमोर बसून बोलणे अनेकांना जड जाते. पण दोघांच्या मध्ये एखादे काम असले की बोलण्याला विषय आपोआप मिळतो आणि गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही. बुजऱ्या स्वभावाच्या माणसाला म्हणूनच वाढण्याचे काम द्यावे, कारण त्या निमित्ताने तो प्रत्येकाजवळ एकदा तरी जातो.

वाढणाऱ्यांसाठी जागा आणि जेवण आधी बाजूला काढून ठेवावे. वाढप दोन पाळ्यांत केली तर उत्तम: पहिली पाळी अर्धे जेवण झाल्यावर बसते आणि दुसरी पाळी उठून वाढायला येते.

नववी पायरी: बसण्याची रचना

मोकळे सोडले की माणसे ओळखीच्यांशेजारी बसतात. यात त्यांचा दोष नाही, पण त्यामुळे हेतू हुकतो. एका टेबलाभोवती सहा ते आठ जण असावेत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी सहकाऱ्यांसह 1995 मध्ये मांडलेल्या निरीक्षणानुसार, एका संभाषणात साधारण चारच माणसे नीट टिकतात. पाचवे आले की संभाषण दुभंगते. त्यामुळे सहा-आठांच्या टेबलावर दोन संभाषणे चालतात आणि कंटाळलेल्याला एकातून दुसऱ्यात सरकता येते. बारा-पंधरांच्या लांब टेबलावर टोकाला बसलेला माणूस मात्र एकटा पडतो.

जागा चिठ्ठीने ठरवाव्यात. दारात येताना प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलावी आणि तिच्यावरच्या क्रमांकाच्या टेबलावर बसावे. यात पूर्ण दैवावर न सोडता एवढेच पाहावे की एका टेबलावर दोनहून अधिक पदाधिकारी नसावेत आणि कोणताही नवा स्वयंसेवक टेबलावर एकटाच नवा नसावा. पती-पत्नी किंवा घट्ट मैत्रिणींना वेगळे बसवण्याची सक्ती करू नये; जेवणाचा पहिला भाग चिठ्ठीनुसार आणि गोड किंवा चहाचा भाग हवा तेथे, अशी तडजोड चांगली चालते. प्रत्येक टेबलाला एक यजमान नेमावा. त्याने फार बोलायचे नसते. जो गप्प आहे त्याच्याकडे प्रश्न वळवणे आणि जो थांबत नाही त्याच्याकडून तो काढून घेणे, एवढेच त्याने करावे.

ओळखीचे सक्तीचे खेळ टाळावेत, असे मी सुचवीन. त्याऐवजी प्रत्येक टेबलावर दोन-तीन प्रश्नांच्या पट्ट्या ठेवाव्यात: ‘या कामात पहिल्यांदा कशामुळे आलात’, ‘संस्थेतील कोणते काम कोणाच्या लक्षातच येत नाही’, ‘कोणती गोष्ट शिकवायला तुम्हाला आवडेल’. हवे त्यांनी त्या उचलाव्यात. डनबार यांच्या 2017 च्या ब्रिटनमधील पाहणीत संध्याकाळच्या जेवणानंतर अधिक जवळीक वाटण्याशी हसणे आणि जुन्या आठवणी काढणे यांचा संबंध दिसला होता. संस्थेच्या जुन्या उपक्रमांची छायाचित्रे टेबलावर पसरून ठेवली की या दोन्ही गोष्टी विनासायास घडतात. फक्त त्या आठवणींत नवे लोक उपरे ठरू नयेत, म्हणून छायाचित्रातील प्रसंग त्यांना सांगण्याची जबाबदारी यजमानाने घ्यावी.

भाषण एकच असावे, पाच मिनिटांहून लहान असावे आणि अन्न वाढले जाण्यापूर्वी संपावे. संगीत असल्यास इतके हळू असावे की ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठाला शेजाऱ्याचे बोलणे कळेल. अशा व्यक्तीला भिंतीकडे पाठ करून बसवल्यास मागचा गलका कमी होतो. चाकाच्या खुर्चीसाठी टेबलांमधून पुरेशी वाट आणि एका खुर्चीची मोकळी जागा आधीच ठेवावी. छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे.

दहावी पायरी: जे जेवत नाहीत, त्यांचा विचार

काही माणसांना सर्वांसमोर खाणे अवघड वाटते. कोणी पथ्यावर असते, कोणाला खाण्याशी निगडित आजार असतो, कोणाचा उपवास असतो. आग्रह करकरून वाढणे प्रेमाचे लक्षण मानले, तरी संस्थेच्या जेवणात तो एकदाच करावा आणि नकार आल्यावर थांबावे. ‘एवढेच?’, ‘बारीक झालात’, ‘आज भूक आहे वाटते’ असे ताटावरचे शेरे कोणी मारू नयेत, हे टेबलाच्या यजमानांना आधी सांगून ठेवावे. न जेवणाऱ्यालाही बसायला जागा, हातात काही पेय आणि गप्पांत वाटा मिळाला पाहिजे. सहभोजनाला न येणे हा निष्ठेचा अभाव मानला जाऊ लागला, तर ते बंधन होते. म्हणून उपस्थितीची नोंद प्रमाण काढण्यापुरतीच ठेवावी.

अकरावी पायरी: संपल्यानंतर

उरलेल्या अन्नाचे काय करायचे हे आधी ठरलेले असावे. दोन तासांच्या आत योग्य तापमानाला ठेवलेले अन्नच घरी नेण्यासाठी द्यावे. बाकीचे टाकताना हळहळ वाटली तरी टाकावे. झाकणाचे रिकामे डबे सोबत आणण्याची सूचना निमंत्रणातच केली तर शेवटी धावपळ होत नाही. आवराआवर संपेपर्यंत समन्वयकाने निघू नये.

पुढच्या दोन दिवसांत एका वहीत नोंद करावी: किती जण येणार होते आणि किती आले, कोणता पदार्थ उरला आणि कोणता अपुरा पडला, कोणत्या कामाला माणसे कमी पडली, कोणी दोनदा काम केले. याच्या जोडीला यजमानांना एकच प्रश्न विचारावा: तुमच्या टेबलावर कोण कोणाशी पहिल्यांदा बोलले? जेवण कसे होते असे विचारले की सर्वजण छान होते म्हणतात, आणि त्यातून पुढच्या वेळेसाठी काही हाती लागत नाही. खरा परिणाम तीन-चार महिन्यांनी दिसतो. एखादा स्वयंसेवक ऐनवेळी येऊ शकत नसेल तर तो समन्वयकाला न कळवता थेट दुसऱ्या स्वयंसेवकाला फोन करून बदली शोधतो का, नवे सभासद बैठकीत प्रश्न विचारू लागले आहेत का, हे पाहावे. तसे होत नसेल तर पदार्थ बदलू नयेत; बसण्याची रचना आणि कामवाटप यांत बदल करावा आणि पुढच्या तीन जेवणांत तो टिकवून पाहावा. वही पुढच्या समन्वयकाकडे सोपवताना त्याच्यासोबत एकदा खरेदीला जावे, कारण कोणत्या वेळी कोणाला फोन करायचा आणि सभागृहाची शेगडी कशी पेटते, हे वहीत लिहायचे राहून गेलेले असते.